दिलेलं मशीन तिनं विकून टाकलं

पत्राचा सारांश : लिहिणाऱ्या ताई ५८ वर्षांच्या आहेत. मुलगा नोकरीसाठी दूर गेला आहे आणि नवरा-बायको दोघं लहान घरात राहायला जाणार आहेत. हाताशी दोन महिने आहेत. माळा आणि एक अख्खी खोली वस्तूंनी भरली आहे : मुलाचं अभ्यासाचं टेबल, नातवंडांसाठी म्हणून जपलेला त्याचा लहानपणचा पलंग, दोन मिक्सर, गाद्या, जुना फ्रिज, बंद पडलेले आणि न पडलेले मोबाइल, लॅपटॉप, कपडे, पुस्तकांची खोकी. ताईंना हे टाकवत नाही आणि आता देववतही नाही. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या आईचं शिलाई मशीन घरकामाला येणाऱ्या बाईंना दिलं. काही महिन्यांनी तिसऱ्याच कुणाकडून कळलं की त्यांनी ते विकलं. ‘मी शब्दानं काही बोलले नाही, पण त्या माझ्या मनातून उतरल्या,’ असं ताई लिहितात. नवरा म्हणतो, सगळं कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दे, ज्याला हवं तो नेईल. बहीण म्हणते, फुकट देऊ नकोस, फुकटाची कुणाला किंमत नसते. ताईंचे दोन प्रश्न : वस्तू योग्य हातातच पडतील याची खात्री कशी करायची? आणि मला वाईट वाटलं ते चुकलं का?

ताई,

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तो सुटला नाही तर पहिल्याचं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

वाईट वाटण्यात काही चूक नाही. ज्या मशीनवर आईला वाकून बसलेलं पाहिलं, ते कुणी विकलं म्हटल्यावर चर्र होणारच. पण पत्रातलं पुढचं वाक्य मला अडलं, ‘त्या माझ्या मनातून उतरल्या’. त्यांनी नेमकं काय केलं ते एकदा नीट मांडून पाहू. तुम्ही त्यांना एक वस्तू दिली. ती त्यांची झाली. त्यांना त्या काळात मशीनपेक्षा पैशांची गरज जास्त होती, म्हणून त्यांनी ती विकली. जुनं शिलाई मशीन शोभेसाठी सहसा कुणी विकत घेत नाही. घेणाऱ्याला शिवायचं असतं. पट्टा बदलला, तेल घातलं की ही यांत्रिक मशीनं पुन्हा धावतात. म्हणजे आज ते बहुधा चालू आहे. तुमच्या घरी ते किती वर्षं झाकून ठेवलेलं होतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

आणखी एक विचारते. मशीन देण्याआधी ‘तुम्हाला हवंय का?’ असं विचारलं होतं, की ‘हे घेऊन जा’ म्हणाला होतात? घरी काम करणाऱ्या माणसाला मालकिणीनं पुढे केलेली वस्तू नाकारणं फार अवघड असतं. त्यांना शिवण येतं का, त्यांच्या घरात मशीन ठेवायला जागा आहे का, हे कुणी पाहिलं होतं का? आणि विकल्याचं त्यांनी तुमच्यापासून लपवलं असेल, तर ते का लपवावंसं वाटलं असेल? मला वाटतं, देताना तुम्ही न बोललेली अट त्यांनी बरोबर ओळखली होती. त्यामुळे आता त्यांना जाब विचारू नका, आडून आडून टोमणाही नको. आणि पुढे कधी त्यांना काही दिलंत, तर ते पगारात, सणाच्या पैशांत किंवा सुट्टीत धरू नका. जुनी वस्तू हा कुणाच्या कष्टाचा मोबदला होऊ शकत नाही.

अट घालायला माझी हरकत नाही. फक्त ती उघड घालावी. ‘हे माझ्या आईचं आहे, तुम्हाला नकोसं झालं तर आधी मला सांगा, मी परत नेईन,’ असं सांगून द्यायला काहीच हरकत नाही. समोरचा हो म्हणेल किंवा नको म्हणेल. पण तोंडानं ‘घ्या, तुमचंच’ म्हणायचं आणि मनात दोर धरून ठेवायचा, यात घेणाऱ्याची फसगत होते. ज्या वस्तूंबाबत तो दोर तुम्हाला सोडवणारच नाही, त्या चार-पाच वस्तू देऊ नका. लहान घरातही तेवढ्यांना जागा निघते.

आता ‘योग्य हात’. ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या इच्छा एकमेकींत अडकल्या आहेत. एक इच्छा अशी की चांगली वस्तू वाया जाऊ नये. दुसरी अशी की कुणा गरजूला मदत व्हावी. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्यांचे रस्ते निराळे.

वस्तू वाया जाऊ नये एवढीच इच्छा असेल, तर घेणारा गरीब की श्रीमंत, हा प्रश्नच उरत नाही. समोरच्या इमारतीतल्या, दारात गाडी असलेल्या माणसानं तुमचं टेबल नेलं आणि त्यामुळे नवं टेबल घेतलं नाही, तर काम झालं. २००३ साली अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहरात डेरॉन बील यांनी ‘फ्रीसायकल’ सुरू केलं ते याच विचारानं. सुरुवात ओळखीच्यांना पाठवलेल्या एका ईमेलपासून झाली, नंतर त्याचं जाळं अनेक देशांत पसरलं. तिथला मुख्य नियम एकच, जे काही द्याल ते फुकट. घेणाऱ्याला आपली गरज सिद्ध करावी लागत नाही. वस्तू कचऱ्याच्या डोंगरावर जाऊ नये, इतकाच हेतू. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर आणि लीझल क्लार्क या दोघी मैत्रिणींनी ‘बाय नथिंग’ सुरू केलं. तिथे भर शेजारावर आहे : विक्री नाही, अदलाबदल नाही, आसपासच्या माणसांनी एकमेकांना द्यायचं आणि मागायचंही. कुणाला द्यायचं ते देणारा ठरवतो, आणि पहिल्या आलेल्यालाच दिलं पाहिजे असं बंधन नाही. ही पद्धत तुम्हाला मानवेल असं वाटतं. दोन-तीन दिवस थांबायचं, कोण कशासाठी मागतंय ते वाचायचं आणि ज्याचं कारण मनाला पटेल त्याला द्यायचं. मुलाखत न घेता निवडीचं थोडं समाधान मिळतं.

मदत करायची इच्छा असेल, तर मात्र सुरुवात माळ्यावरून करू नका. आधी त्या माणसाला किंवा संस्थेला विचारा, तुम्हाला काय लागतं? ते सांगतील ती वस्तू तुमच्याकडे असेल तर द्या. नसेल तर पैसे द्या, किंवा काहीच देऊ नका, पण ‘गाद्या आहेत, गाद्याच घ्या’ असं करू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कित्येक ठिकाणी उघड्यावर भिजत, सडत पडले. उष्ण किनाऱ्यावर लोकरीचे कोट येऊन पडले. पाठवणाऱ्यांची कपाटं रिकामी झाली आणि जिथे माणसं मेली होती तिथल्या लोकांवर आणखी एक ढीग उपसायचं काम पडलं. घानाची राजधानी आक्रा, तिथल्या कांतामांतो बाजारातल्या विक्रेत्यांचीही अशीच गत होते. श्रीमंत देशांनी ‘दान’ केलेल्या कपड्यांची बंद गाठोडी ते आत काय आहे हे न पाहता विकत घेतात, आणि आतले डाग पडलेले, विटलेले कपडे शेवटी तिथल्या कचऱ्यात जातात. देताना आपण निवड केली नाही, की ती दुसऱ्या कुणाला तरी, बहुतेक वेळा आपल्याहून गरीब माणसाला, स्वतःच्या खर्चानं करावी लागते.

म्हणून निवड तुम्हीच करा. कसोटी साधी आहे : ही वस्तू मैत्रिणीनं मागितली असती तर मी आहे या अवस्थेत तिच्या हातात ठेवली असती का? नसती, तर ती कुणालाच देण्याजोगी नाही. कपडे धुऊन, बटणं लावून द्या. जे फाटलेत त्यांची फडकी करा. मिक्सरची भांडी आणि झाकणं एकत्र बांधा, कारण झाकण हरवलेला मिक्सर म्हणजे घेणाऱ्याला बाजारात घालावा लागणारा हेलपाटा. टेबल सुटं करणार असाल तर स्क्रू आणि पान्याची पिशवी त्याच्याच पायाला चिकटपट्टीनं लावा. सुटे स्क्रू ‘कुठेतरी नीट ठेवलेत’ म्हटलं की ते गेलेच समजा.

आता काही वस्तूंबद्दल सावधगिरीचं बोलते, कारण ‘कुणाच्या तरी कामी येईल’ या भावनेत धोकादायक वस्तूही पुढे सरकवल्या जातात.

मुलाचा लहानपणचा पलंग आधी नीट पाहा. त्याची एक बाजू खाली-वर सरकणारी असेल तर तो बाळासाठी कुणालाही देऊ नका. सैल झालेल्या बाजूच्या फटीत अडकून बाळं दगावल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून असे पलंग विकायलाच बंदी आहे, नवे नाहीत आणि जुनेही नाहीत. लाकूड चांगलं असेल तर त्याचं दुसरं काही करता येईल. तुमच्यासारख्या इतर वाचकांच्या घरी गाडीतली बाळाची सीट किंवा हेल्मेट असेल, त्यांनाही हेच लागू. सीटवर वापराची मुदत छापलेली असते, ती उलटली असेल किंवा गाडीला अपघात झालेला असेल तर ती सीट बाद. हेल्मेटच्या आतला फेस एकदाच आपटी सोसतो. बाहेरून ते नवंकोरं दिसलं तरी आत चेपलेलं असू शकतं.

गाद्यांच्या शिवणी आणि कोपरे उजेडात तपासा. ढेकूण असतील तर गादी देऊ नका. खोली बंद ठेवली की ते मरतील असं समजू नका, रक्त न मिळताही ते कित्येक महिने तग धरतात. पुस्तकांना बुरशीचा वास येत असेल तर ती वाचनालयाच्या गळ्यात मारू नका, शेजारची पुस्तकंही खराब होतील. चांगली पुस्तकंही आधी विचारूनच न्या. जुने ज्ञानकोश आणि अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं कुणी खुशीनं घेत नाही, संकोचानं ठेवून घेतात आणि नंतर रद्दीत घालतात.

फ्रिजबद्दल माझं मत ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. जुनी वस्तू वापरत राहणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. खूप जुना फ्रिज नव्याच्या मानानं भरपूर वीज खातो. ज्याला नवा परवडत नाही त्याला तो फुकट देणं म्हणजे दर महिन्याचं वाढीव बिल त्याच्या दारात नेऊन ठेवणं. शिवाय १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्यानं बंद केलेले ओझोनला मारक वायू अशा जुन्या फ्रिजमध्ये असू शकतात. म्हणून तो हातोड्यानं फोडणाऱ्याकडे जाऊ देऊ नका. वायू काढून घेण्याची सोय असलेल्या, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या.

मोबाइलचं गणित याच्या बरोबर उलट. फोन त्याच्या आयुष्यात जेवढं प्रदूषण करतो त्यातला बहुतांश भाग तो तयार होतानाच होऊन जातो. त्यामुळे चालू फोन खणात पडून राहणं ही खरी नासाडी, आणि तो जितक्या लवकर द्याल तितका कामाचा. दोन-चार वर्षांनी त्याला कुणी विचारणार नाही. देण्याआधी आपले फोटो, नंबर काढून घ्या, मग फोनमधल्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा आणि त्यानंतरच सगळं पुसून फोन मूळ स्थितीत आणा. हा क्रम महत्त्वाचा आहे. खातं तसंच राहिलं तर चोरीपासून बचावासाठी असलेलं कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या हातात नुसती काचेची पाटी उरते. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. लॅपटॉपमधल्या फाइली नुसत्या डिलीट केल्यानं जात नाहीत, त्या परत काढता येतात. जाणत्या माणसाकडून डिस्क पूर्ण पुसून घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, तो थेट ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर न्या. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे ती त्यातल्या पाव हिश्शाहूनही कमी कचऱ्याची. बंद मोबाइल खणात साठवणारे आपण सगळेच यात आहोत.

आता घरच्यांचे सल्ले. तुमच्या बहिणीचं अगदीच चूक नाही. नाममात्र किंमत लावली की ‘येतो येतो’ म्हणून न येणारे कमी होतात. पण तुमच्या बाबतीत मला एक अडचण दिसते. डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विकायचा भाव विचारला. बाकीच्यांना तोच मग किती पैशांना घ्याल असं विचारलं. हातात मग आलेल्यांनी मागितलेला भाव घेऊ पाहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. तो मग नुकताच मिळालेला होता, त्याच्याशी कुणाची आठवण जोडलेली नव्हती, तरी ही तऱ्हा. तुम्ही तर पंचवीस-तीस वर्षांच्या संसाराला भाव लावणार. जो आकडा येईल तो तुम्हाला अपमान वाटेल आणि टेबल पुन्हा खोलीत जाईल. दोन महिन्यांत घर रिकामं करायचं असेल तर एखाद-दुसरी महाग वस्तू विका, बाकीच्या घासाघिशीत पडू नका.

यजमानांचा उपाय सोपा आहे, पण डब्याशेजारी ठेवलेली गादी एका पावसात संपते आणि लाकूड फुगतं. सकाळपर्यंत कुणी नेलं नाही तर ते उचलण्याचं काम सफाई कामगाराच्या अंगावर येतं. मात्र त्यांच्यात एक गुण आहे जो तुमच्यात नाही : त्यांचा या वस्तूंत जीव अडकलेला नाही. म्हणून वस्तूंचे फोटो, जाहिरात आणि येणाऱ्या माणसांशी बोलणं हे सगळं त्यांच्यावर सोपवा. तुम्ही वस्तूचा इतिहास सांगत बसाल; ते मापं सांगतील.

जाहिरातीत मापंच लागतात. टेबलाची लांबी, रुंदी, उंची. काय मोडलं आहे ते अगदी स्पष्ट, आणि मोडलेल्या जागेचा फोटो. घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, उचलायला किती माणसं लागतील. कोणत्या तारखेपर्यंत न्यायला हवं. पूर्ण पत्ता सगळ्यांपुढे टाकू नका, ज्याला द्यायचं नक्की झालं त्यालाच कळवा. लहान वस्तू खाली किंवा फाटकापाशी द्या, आणि मोठ्यांसाठी अनोळखी माणूस घरात येणार असेल तेव्हा एकट्या असू नका. ठरलेल्या वेळी आला नाही तर एकदा विचारा, मग पुढच्याला द्या. लोक फसवतात म्हणून असं होतं असं नाही. फुकटच्या वस्तूला हो म्हणणं सोपं असतं आणि टेम्पो जमवणं अवघड.

क्रम असा ठेवा : फ्रिज, गाद्या, टेबल अशा जागा अडवणाऱ्या वस्तू पहिल्या दोन आठवड्यांत, मग स्वयंपाकघर आणि कपडे, फोटो-पत्रांची खोकी सगळ्यात शेवटी. खोकी आधी उघडलीत तर दोन महिने तिथेच बसाल. शेवटच्या आठवड्याआधी एक तारीख पक्की करा. तोवर जे कुणी नेलं नाही ते रीतसर मोडीत किंवा कचऱ्यात जाईल, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या वस्तूंना खरोखरच कुणी घेणारं नव्हतं. खोलीत आणखी पाच वर्षं राहूनही त्यांचं तेच झालं असतं, फक्त तोवर त्या आणखी जुन्या झाल्या असत्या.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच करा. टेबल आणि पलंग मुलाचे आहेत, पुस्तकांतलीही काही त्याची असतील. त्याला फोटो पाठवा आणि दोन आठवड्यांची मुदत द्या : हवं असेल ते नेण्याची व्यवस्था त्यानं करायची, नको असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. ‘राहू दे ना तिथेच’ हे उत्तर चालणार नाही, हे त्याला आधीच बजावा. तो ‘दे कुणालाही’ म्हणाला तर दुखावू नका. आणि यजमानांच्या कपाटाला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. ते डब्याशेजारी ठेवायला निघालेत ते तुमच्या वस्तू, स्वतःच्या नव्हेत, असा माझा अंदाज आहे.